नातीची १६ इंची सायकल

"वाढत्या अंगाची आहे, २० इंचीच न्या," असं म्हणत पहिल्या दुकानदाराने मोठी सायकल गळ्यात मारायचा घाट घातला होता. साडेपाच वर्षांची, ११० सेंटिमीटरची आमची चिऊ. सीटवर बसवली तर पाय हवेत! बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या दुसऱ्या दुकानात काकांनी वय विचारलंच नाही. गुजरातीत काहीतरी पुटपुटत तिला भिंतीला उभं केलं, जांघेपासून टाचेपर्यंत टेप लावली: ४८ सेंटिमीटर. मग १६ इंचीची सीट पार खाली घेतली. दोन्ही पावलं सपाट टेकली. ब्रेकच्या मुठीपर्यंत बोटं पोचेनात, तर स्क्रू पिळून ती जवळ आणली. घंटी मात्र अगदीच भिकार. बाजूची छोटी चाकं काढायला पुढच्या महिन्यात बोलावलंय, फुकट. सीटची दांडी अजून चार बोटं वर येईल.