मुलुंड ते वरळी, रोजचे चार तास: गाडीत ऐकायचं कशावर?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. सकाळी साडेसातला मुलुंडहून निघते, फ्री वेने गिरगावात दोन घरं, मग कोस्टल रोडने वरळीला एक, आणि येताना दादर. पावसाळ्यात गाडीतलेच चार तास होतात. एवढा वेळ कानावर काय पडतं त्यावर माझा दिवस कसा जाणार ते ठरतं. दिवसभर दुसऱ्यांचे आखडलेले खांदे सोडवायचे असतात, तेव्हा निदान स्वतःचे आखडून घरात शिरू नये एवढंच बघते.

मागच्या जूनमध्ये एका म्युझिक ॲपची वर्गणी संपत आली. आपोआप पुढे चालू ठेवण्याऐवजी म्हटलं, या वेळी नीट बघू. महिनाभर त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला, एकेक सेवा वापरली. पण त्याआधी सॅटेलाइट रेडिओबद्दल सांगायला हवं, कारण माझी फूटपट्टी तिथून आलेली आहे.

आमच्या अण्णांकडे वर्ल्डस्पेस हा सॅटेलाइट रेडिओ होता. ज्यांच्याकडे होता त्यांना नुसतं नाव पुरेल. बाकीच्यांसाठी: एशियास्टार नावाचा उपग्रह मार्च २००० मध्ये सोडला होता, १०५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर. तिथून थेट घरातल्या रेडिओवर आवाज यायचा, ना खरखर ना जाहिरातींचा मारा. गंधर्व नावाच्या वाहिनीवर चोवीस तास हिंदुस्तानी शास्त्रीय संगीत. आईसाठी फरिश्ता, जुनी हिंदी गाणी. वर्गणी भरायची आणि ऐकायचं. भारतात साडेचार लाखांच्या आसपास घरांनी ती भरलेली होती.

त्याचा अँटेना म्हणजे बशीएवढा चपटा चौकोन. मुंबईहून तो उपग्रह आग्नेयेच्या बाजूला, क्षितिज आणि डोक्यावरचं आकाश यांच्या साधारण मधोमध येतो. आमच्या हॉलची खिडकी नेमकी पश्चिमेला, म्हणून चौकोन स्वयंपाकघराच्या ग्रिलला, मसाल्याच्या बरण्यांच्या वर बांधलेला. समोरच्या इमारतीवर पाण्याची नवी टाकी बसली त्या दिवशी गंधर्व गप्प. अण्णा स्टुलावर चढून चौकोन दोन बोटं डावीकडे, एक बोट वर करत होते, मी रेडिओच्या पडद्यावरच्या रेघा मोजून ओरडत होते, "तीन... दोन... अण्णा, चार! तिथेच धरा!"

एकदा त्यांनी तो गाडीत लावून बघायचं ठरवलं. तेव्हा आमची जुनी मारुती होती. डॅशबोर्डवर रेडिओ, चौकोन मागच्या काचेपाशी उशीला टेकवून ठेवलेला. सोसायटीच्या आवारात, गाडी उभी असताना, आवाज घरच्यासारखा स्वच्छ. अण्णांचा चेहरा असा उजळला की मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. गाडी सुरू केली, गेटकडे वळली, आणि बंद. गेटवरच्या पर्जन्यवृक्षाखाली गेल्यावर तर रेघ एकही नाही. हायवेला लागल्यावर तुकड्यातुकड्यांत आलाप. विक्रोळीपर्यंत जाऊन आम्ही परतलो.

त्याचं कारण साधं आहे. आकाशात एकच उपग्रह एका जागी, आणि त्याच्या नि अँटेनाच्या मध्ये काही आलं की संपलं. शहरात चालत्या गाडीसाठी मग जमिनीवर ठिकठिकाणी तोच कार्यक्रम पुन्हा प्रसारित करणारे मनोरे लागतात. आपल्याकडे वर्ल्डस्पेससाठी ते झाले नाहीत. कंपनीने २००८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा थांबली. त्या रात्री आमच्याकडे कोणी टीव्ही लावला नाही.

हेच तंत्र गाडीत कसं असायला हवं ते मी २०१६ मध्ये पाहिलं, न्यू जर्सीला मावसभावाकडे गेले तेव्हा. दादा एडिसनला राहतो आणि रोज पाऊण तास गाडी चालवतो. तिथे आधी दोन कंपन्या होत्या. एक्सएम २००१ मध्ये सुरू झाली, सिरियस २००२ मध्ये. एक्सएमचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर एका जागी. पहिल्या दोघांची नावं रॉक आणि रोल. सिरियसचे तीन उपग्रह लांबट कक्षेत फिरणारे, म्हणजे अमेरिकेच्या बऱ्यापैकी डोक्यावर येणारे, त्यामुळे उंच इमारतींची आड कमी. शिवाय दोघांचेही शहरांमधून मनोरे. आणि एक युक्ती मला फार आवडली: तोच कार्यक्रम दोन वाटांनी पाठवतात, एक वाट दुसरीपेक्षा चारेक सेकंद मागे. गाडी पुलाखाली गेली, एक वाट तुटली, तरी रेडिओने आधीच साठवलेलं पुढे चालू राहतं. दादाने मुद्दाम एका पुलाखालून नेलं. पियानोचा एक सूरही गळला नाही.

मी त्याला विचारलं, "तू दोन्हींतून निवडलंस कसं?" तो म्हणाला, "निवडलं नाही गं, गाडीने निवडलं." पहिल्या गाडीत कंपनीतूनच एक्सएमचा रेडिओ बसवलेला, म्हणून महिना १२.९५ डॉलर तिकडे. पुढची गाडी सिरियसवाली निघाली. एकाचा संच दुसऱ्याचा उपग्रह पकडत नव्हता, त्यामुळे सेवा बदलायची म्हणजे रेडिओच बदलायचा. २००८ च्या जुलैमध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या तरी जुने संच आपापल्याच उपग्रहाला बांधलेले राहिले. म्हणून त्याचा सल्ला असा होता की आधी आपण कुठल्या रस्त्याने जातो आणि काय ऐकतो ते ठरव, मग पैसे भर. मी मुंबईत तेच केलं.

तर आता माझा रस्ता. माझी वॅगनआर दहा वर्षांची आहे. तिच्या मूळ संचात एफएम, मध्यमलहरी (एएम) आणि फोन वायरने जोडायचं ऑक्सचं भोक, बस.

सुरुवात मध्यमलहरींनी केली, ५५८ वर अस्मिता वाहिनी. मालाडच्या मनोऱ्यांवरून येते. सकाळी मराठी ऐकायला मिळतं, तेही घाईत नसलेल्या माणसांचं मराठी. मुलुंड ते कांजूरमार्ग छान. पण विजेच्या मोठ्या तारांखाली गुणगुण येते, आणि उड्डाणपुलाखाली आवाज खोल विहिरीत गेल्यासारखा होतो. छेडानगरच्या उड्डाणपुलांच्या गुंतावळीत ऐकण्यात अर्थ नाही. इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विचार असेल तर आधी विचारून घ्या, बऱ्याच मॉडेलांमध्ये मध्यमलहरी दिलेल्याच नसतात, कारण मोटरचा उपद्रव त्यांना फार होतो. आणि पेट्रोलची नवी गाडी घेत असाल तर माहितीपत्रकात डीआरएम, म्हणजे डिजिटल रेडिओ, शोधा. आकाशवाणीचं डिजिटल प्रसारण त्यावर येतं. मारुती, ह्युंदाईच्या अनेक गाड्यांमध्ये ते कंपनीतूनच असतं आणि मालकांना पत्ता नसतो. माझ्या एका पेशंटच्या मुलाच्या गाडीत होतं. त्याने माझ्यासमोर पहिल्यांदा लावलं.

एफएमवर १००.७ चं गोल्ड आणि १०७.१ चं रेनबो. आवाज भरदार, फुकट, फोनला हात लावायची गरज नाही. अडकलेल्या ट्रॅफिकमध्ये मला गोल्डचाच आधार वाटतो. पण फ्री वेच्या बोगद्यात, साधारण अर्धा किलोमीटर, माझ्या संचावर नुसती फस्स. आणि रागदारी हवी तेव्हा मिळेलच असं नाही.

मग इंटरनेट. आधी फोन गाडीला जोडायचा कसा? मी लॅमिंग्टन रोडवरून सहाशे रुपयांचा तो चार्जरच्या भोकात बसणारा, फोनचा आवाज एफएमवरून गाडीच्या संचाला पाठवणारा ट्रान्समीटर आणला होता. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कुठलीही रिकामी फ्रीक्वेन्सी लावा." मुंबईत रिकामी फ्रीक्वेन्सी मुलुंडला एक असते, चेंबूरला दुसरी, आणि मधल्या वेळात माझ्या बागेश्रीवर कुणाचा तरी मोबाइलच्या सेलचा प्रचार. चार दिवसांत काढून ठेवला. दीडशे रुपयांची ऑक्सची वायर त्याच्यापेक्षा दसपट चांगली. जुनी गाडी असणाऱ्या सगळ्यांना माझं हेच सांगणं आहे, वायर घ्या.

पैशाची दोन ॲप वापरली. नावं देत नाही, कारण माझा राग एकाच अनुभवावर आहे. पहिल्याने फुकट महिन्यानंतर माझ्या खात्यातून महिन्याचे नव्हे तर वर्षाचे पैसे कापले. चोवीस तास आधी सूचना यावी लागते, तशी ती आली होती, पण मी तेव्हा गिरगावात एका आजींना जिना चढवत होते. ॲपमध्ये बंद करायचं बटण शोधायला मला जितका वेळ लागला तितक्यात दादर आलं असतं. कामाची गोष्ट अशी: यूपीआयने ऑटोपे दिला असेल तर ज्या ॲपमधून पैसे देता त्यातच ऑटोपेची यादी असते, तिथे ती परवानगी रद्द करता येते. गेलेले पैसे त्याने परत येत नाहीत, पुढचे थांबतात. सेवा बदलायची असेल तर पहिलं काम हे, नवीन ॲप उतरवणं नंतर.

दुसऱ्या ॲपचा व्यवहार स्वच्छ होता आणि गाण्यांचा साठा अफाट. गाणी उतरवून ठेवली की बोगद्यात, पुलाखाली, पावसात काहीही होत नाही. पण एका संध्याकाळी वरळी सी फेसवरून परतताना मी मारवा लावला. सूर्य समुद्रात अर्धा गेलेला, विलंबित संपून द्रुत यायला हवी, आणि ॲपने स्वतःहून लावला भैरव. भल्या पहाटेचा राग, तिन्हीसांजेला! मी गाडी बाजूला घेऊन बंद केलं. हे दुरुस्त करता येतं, स्वतः यादी लावून. पण यादी लावायचं काम माझं असेल तर मी रेडिओ कशाला मागत होते? गंधर्वमध्ये मला जे मिळत होतं ते हेच, की पलीकडे कुणीतरी रागाची वेळ जाणणारं बसलेलं आहे आणि त्याने माझ्यासाठी ओळीने मांडून ठेवलंय.

ते मला आता आकाशवाणीच्या रागम् वाहिनीवर मिळतं. २६ जानेवारी २०१६ ला सुरू झाली, चोवीस तास शास्त्रीय, हिंदुस्तानी आणि कर्नाटक दोन्ही. न्यूज ऑन एअर या ॲपवर फुकट आहे. त्यात देशभरातल्या आकाशवाणी केंद्रांच्या दोनशेहून जास्त वाहिन्या आहेत, अस्मितासुद्धा, त्यामुळे छेडानगरलाही मराठी तुटत नाही. कर्नाटक संगीताची मला आधी सवय नव्हती. दोन महिन्यांत कान तयार झाला, आता तानमची, म्हणजे आलापीनंतरच्या लयदार भागाची, वाट बघते.

डेटा किती जातो याची काळजी अनेकांना असते. हिशेब सोपा आहे: ६४ केबीपीएसचा (सेकंदाला ६४ किलोबिट) प्रवाह तासाला २९ एमबी घेतो. म्हणजे माझे चार तास सव्वाशे एमबीच्या आत. संगीताच्या ॲपवर ३२० चा दर्जा ठेवलात तर तासाला १४४.

उरतो कोस्टल रोडचा बोगदा. गिरगाव चौपाटीपासून प्रियदर्शिनी पार्कपर्यंत दोन किलोमीटरहून थोडा जास्त. जमिनीखाली उपग्रहाचं तर नावच नको, आणि नेटवर्कवर भरवसा ठेवून ख्याल लावण्यात शहाणपण नाही. त्या अडीच-तीन मिनिटांसाठी मी फोनमध्ये तराणे उतरवून ठेवलेत. चौपाटीच्या सिग्नलला गाडी उभी असते तेव्हाच बदलते. चालत्या गाडीत फोनला हात लावत नाही आणि तुम्हीही लावू नका.

म्हणजे माझं आता असं बसलंय: कांजूरमार्गपर्यंत ५५८, तिथून गिरगाव रागम्, बोगद्यात तराणा, परतीला गोल्ड. दुसऱ्या ॲपचा सगळ्यात स्वस्त मासिक प्लॅन, फक्त उतरवण्यासाठी. पहिलं ॲप गेलं.

मागच्या रविवारी अण्णांना डोळे तपासायला दादरला घेऊन गेले होते. ब्याऐंशी वर्षांचे आहेत. परतताना रागम् लावलेलं होतं, सारंगी चालली होती. माटुंग्यापासून ते एक शब्द बोलले नाहीत. सोसायटीच्या गेटमधून आत आलो, मी गाडी लावली, किल्लीला हात घातला तर म्हणाले, "थांब गं. तबल्यावर कोण आहे ते सांगू दे."

आम्ही तसेच बसून राहिलो. वादन संपायला अजून सात-आठ मिनिटं होती. वॉचमन दोनदा येऊन बघून गेला.