स्विच दाबला आणि लगेच आवाज आला

४६,५०० रुपये. एवढे जुना गिटारचा ॲम्प घेण्यात गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी मी ३२,००० सांगितला होता आणि तेही आता उघड झालंय.

लष्करातल्या जवानाची बदली झाली, सामान स्वस्तात काढतोय, आधी गेटपासचे पैसे टाका, ही भानगड मला माहीत होती. तुम्हालाही असेलच. क्यूआर कोड पाठवून 'पैसे मिळवायला पिन टाका' म्हणणाऱ्या दोघांना तर मी स्वतः फोनवर झापलंय. म्हणूनच ठरवलं होतं, वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि हाताने वाजवल्याशिवाय एक रुपया सोडायचा नाही. (टोकनचे २,००० आधी दिले होते, ते सोडा.) तर बघितली, वाजवली आणि वाजवूनच फसलो.

वस्तू म्हणजे फेंडर कंपनीचा ब्लूज ज्युनियर, गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर. पंधरा वॉटचा ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या तापणाऱ्या नळ्यांवर चालणारा, बारा इंची स्पीकर, दोन ईएल८४ आणि तीन १२एएक्स७ ट्यूब. कॉलेजात असल्यापासून हवा होता. तेव्हा परवडत नव्हता आणि परवडायला लागला तेव्हा मुलांच्या फिया आल्या. यंदा पन्नाशी झाली, बँडची पोरं पुन्हा शनिवारी जमायला लागली, म्हटलं आता नाही तर कधी. नव्याचा भाव दुकानात विचारला आणि मुकाट्याने बाहेर आलो. मग रोज रात्री जेवणानंतर जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळायच्या, हा छंदच लागला.

जाहिरात ५४,००० ची होती. नवी मुंबईतली सोसायटी, विकणारा तिशीतला, चष्मेवाला, गोड बोलणारा. 'सर, पुढच्या महिन्यात जर्मनीला चाललोय, बरोबर नेता येत नाही.' ॲम्प मामांनी अमेरिकेतून आणलेला. मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट लिहिलेलं मी बघितलं आणि विचारलंसुद्धा, म्हणजे अगदीच बावळट नव्हतो. तो म्हणाला, 'कन्व्हर्ट करून घेतलाय सर, ट्रान्सफॉर्मर बदललाय.' मी जाणकारासारखी मान हलवली. बदललेला ट्रान्सफॉर्मर दाखव, एवढं म्हणायला काय झालं होतं? पण जाणकारासारखी मान हलवली की पुढचा प्रश्न विचारता येत नाही.

आता तो क्षण. घरी आल्यावर मी तो किमान चाळीस वेळा पाहिलाय, कारण मीच मोबाइलवर त्याचं शूटिंग केलंय.

त्याने मला आधी मागच्या उघड्या बाजूने ट्यूबना हात लावायला लावला. 'बघा सर, थंड आहे, आधीपासून चालू करून नाही ठेवलेला.' किती प्रामाणिक माणूस! माझी टेली (टेलिकास्टर गिटार) जोडली. खट् करून स्विच दाबला, वरचा तांबड्या मण्यासारखा दिवा लागला, मी ई कॉर्ड मारला आणि ॲम्प वाजला.

लगेच वाजला.

शूटिंगमध्ये खट् आणि कॉर्ड यांत जेमतेम एक सेकंद आहे. थंड ट्यूब ॲम्प एका सेकंदात वाजत नाही. ट्यूबच्या आतलं फिलामेंट तापायला लागतं, दहा-पंधरा सेकंद तरी शांतता असते, मग आवाज हळूहळू वर येतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मित्रांना मी स्वतः ऐटीत सांगितलंय. शूटिंगमध्ये माझाच आवाज आहे, 'वा, काय सुंदर!' ट्यूब हळूहळू नारिंगी होताना दिसतायत आणि आवाज त्यांच्या कितीतरी आधी येऊन बसलाय. मला आवाज ऐकायचा होता, तो ऐकला आणि बाकी सगळं बघूनही बघितलं नाही.

आईला सगळं सांगितलं तेव्हा ती निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून म्हणाली, 'अरे, आपल्या मर्फी रेडिओला केवढा वेळ लागायचा तापायला! तुझे अण्णा बातम्यांच्या दोन मिनिटं आधीच लावून ठेवायचे.' ऐंशी वर्षांच्या बाईला जे आठवलं ते मला पंधरा मिनिटं समोर वाजत असताना आठवलं नाही.

आणखीही खुणा होत्या. हम् अजिबात नव्हता. ट्यूब ॲम्पला थोडी गुणगुण असतेच, मी मनात म्हटलं, किती जपलाय. आवाज चारच्या पुढे त्याने नेऊ दिला नाही, शेजारचे आजोबा आजारी होते म्हणे. मध्ये त्याचं ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे आवाज मुद्दाम फाटवणारं पेडल लावलेलं होतं, त्यामुळे जी काही गोड फाट ऐकली ती पेडलची होती. रिव्हर्ब, म्हणजे आतल्या स्प्रिंगवरचा घुमारा, चालत नव्हता. 'स्प्रिंगचं जरा काम निघालंय सर.' त्याबद्दल मी ताठ मानेने २,००० कमी करून घेतले. म्हणजे पुरावा हातात आला आणि मी त्यावर घासाघीस केली!

शेवटी ४६,५०० ला ठरलं. टोकनचे २,००० आधी दिलेले, आता ४०,००० यूपीआयने आणि उरलेले ४,५०० रोख, कारण त्याची 'आजची लिमिट संपत आली' होती. उचलला तर हलका. मला आनंद झाला, कमरेचा त्रास आहे म्हणून. ब्लूज ज्युनियर साधारण १४ किलोचा असतो. घरी बॅग तोलायच्या काट्याला लावला तेव्हा ९ भरला, पण काटा काढला तो दहाव्या दिवशी. ट्यूब ॲम्प घ्यायला जाताना तो काटा खिशात ठेवा. वजन ट्रान्सफॉर्मरचं असतं आणि ट्रान्सफॉर्मर गोड बोलून तयार होत नाही.

दहाव्या दिवशी, कारण त्या शनिवारी पहिल्यांदा मोठ्या आवाजात लावला. सहावर नेला तर ट्यूबची ती उबदार भरड यायची सोडून पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. ड्रमर म्हणाला, 'स्पीकर गेलाय.' मीही तेच धरून चाललो. ठाण्यात एक काका ॲम्प दुरुस्त करतात, त्यांच्याकडे नेला. काकांनी मागची फळी उघडायच्या आधी मला दूर बसवलं. यात बंद केल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहतात, हात घालायचा नाही. (हे खरंच लक्षात ठेवा. तपासायचा म्हणून स्वतः पेचकस घेऊन बसू नका, जाणता माणूस सोबत न्या.) मीटर लावला, दोन क्षण थांबले आणि सरळ हात आत घातला.

'साहेब, यात चावण्यासारखं काही नाहीच.'

आत बोटभर लांबीचा एक तयार ॲम्प्लिफायर बोर्ड होता, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काकांच्या हिशेबाने साडेतीनशे रुपयांना मिळणारा. तो थेट स्पीकर वाजवत होता. त्याच्या शेजारी चार्जरएवढा छोटा ट्रान्सफॉर्मर ट्यूबना ६.३ व्होल्ट पुरवत होता. मूळचे दोन्ही ट्रान्सफॉर्मर गायब. ट्यूबच्या प्रत्येक सॉकेटला नऊ पाय, त्यांतल्या दोन-तीन पायांना वायरी, त्याही फक्त फिलामेंटच्या. बाकीचे कोरे. ट्यूब खऱ्या होत्या, खऱ्याच तापत होत्या, नुसत्या उजेडासाठी. काका म्हणाले, 'समया पेटवून ठेवल्यात, पूजा दुसऱ्याच देवाची चाललीय.' त्यांचा अंदाज असा की १२० चा ॲम्प कोणीतरी थेट आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये घातला, आतलं जळालं आणि मग खोक्याचे पैसे करायचे म्हणून हे भरलं. काकांचे ६०० झाले, येण्याजाण्याचे ७४०. एकूण ४७,८४०.

विकणाऱ्याला फोन केला. 'सर, जो ऐकवला तोच दिलाय.' दुसऱ्या फोनला ५,००० देतो म्हणाला, मिटवून टाका. तिसरा फोन लागला नाही. जाहिरातही तोवर उडालेली. मी तिचा स्क्रीनशॉट काढला नव्हता. तुम्ही पैसे द्यायच्या आधी काढा. आणि 'ट्यूब ॲम्प आहे, मूळ सर्किट चालू आहे' असं त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. लिहायला टाळाटाळ केली तर तिथूनच परत फिरा.

आता पोलीस ठाणं. डोंबिवलीत माझ्या भागातल्या ठाण्यात गेलो तर पहिलं वाक्य, 'हद्द आमची नाही.' फसवणुकीचं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवता येते, हे मी वाचून गेलो होतो. बोललोही. त्यावर टेबलामागचे म्हणाले, 'मग तुम्हीच बसा ना इथे.' दीड तासाने अर्ज लिहून घ्यायला एकजण आला. मी 'गिटारचा ॲम्प' सांगितलं, त्याने 'गिटारचे ॲप' लिहिलं. मी सुधारायला सांगितलं तर म्हणाला, 'कळतं ते.' कळलं नाही. ॲप म्हटल्यावर अर्ज सायबरकडे. सायबरवाले म्हणाले, समोरासमोर वस्तू घेतलीत, पिन स्वतः टाकलात, यात सायबर काय? परत पाठवला. पुन्हा ठाणं. साहेब बंदोबस्ताला. पुन्हा गेलो, साहेब होते. साहेबांनी शूटिंग बघितलं आणि विचारलं, 'वाजतोय की. मग फसवणूक कुठे झाली?' मी ट्यूब, फिलामेंट, तापायचा वेळ सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाले सिव्हिल मॅटर आहे, वकील करा.

बँकेचं म्हणणं, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. जाहिरातीच्या साइटचं उत्तर तीन मिनिटांत आलं, आम्ही फक्त माध्यम आहोत. वकील मित्र म्हणाला, ग्राहक आयोगात दुकानदार किंवा व्यापारी लागतो, हा घरगुती विक्रेता. दिवाणी दावा टाकू शकतोस, पण ४६,५०० साठी किती वर्षं चपला झिजवशील? दोन रजा गेल्या आणि ऑफिसात मी आता 'ॲपवाला' झालोय.

अजून एक. विकणाऱ्याला आधीच बजावून ठेवा, मी येईपर्यंत चालू करू नकोस, आणि पोचल्यावर स्विच टाकून मोठ्याने दहा मोजा. मोजताना माणूस वेडा दिसतो, चालतं. पेडल बाजूला ठेवा. रिव्हर्बवाला ॲम्प असेल तर त्याला एक थाप मारा, आतली रिव्हर्बची स्प्रिंग धडधडली पाहिजे.

परवा पोलीस ठाण्यातून फोन आला. मला वाटलं, काहीतरी हललं. 'ते तुमच्या ॲपचं मिटलं ना? मग तसं लिहून द्या, अर्ज निकाली काढायचाय.' मी म्हटलं, मिटलेलं नाही. पलीकडून म्हणाले, 'मग समाधान झालं असं लिहा.' लिहून दिलं नाही. परत कधी येऊ विचारलं, तर म्हणाले, कळवू.