सोला हॅट, लोखंडी टोप की बिल्ला? विदर्भातल्या खेड्यात राहून फौजी संग्रह करायचा तर

जुन्या फौजी टोप्यांचा नाद लागला की सुरुवातीला माणसाला सगळंच हवं असतं. पण खेड्यात पैसा बेताचा, जागा म्हणजे एक कपाट, आणि हवामान असं की मे महिन्यात टिनाखाली हात लावू नये. तेव्हा तीनच वस्तूंची तुलना करतो: सोला हॅट (साहेबांची ती भेंडाची, उन्हाची टोपी), दुसऱ्या महायुद्धातला लोखंडी टोप आणि टोपीवर लागणारा पितळी बिल्ला. आपल्याकडे खरोखर हाताला लागतात त्या याच. माझं मत आधीच सांगून ठेवतो, पहिला पैसा बिल्ल्यावर घाला.

सोला हॅट सगळ्यांत सहज सापडते. जुना मालगुजारी वाडा उपसला की माळ्यावरून एखादी निघते, आणि विकणारा सांगतो, "घ्या ना भाऊ, मिल्ट्रीची आहे. इंग्रजाच्या टाइमची." इंग्रजाच्या काळातली ती असते, यात वाद नाही. मिल्ट्रीची मात्र क्वचितच. ही हॅट जंगल खात्यातला साहेब घाले, मिशनरी घाले, शिकारीला निघालेला मालगुजारही घाले. लष्करी हॅट ओळखायची तर बाहेरून गुंडाळलेली कापडाची घडीदार पट्टी बघा आणि तिच्या बाजूला शिवलेला रेजिमेंटच्या रंगांचा कापडी तुकडा शोधा. तो तुकडा गळून पडला असेल तर ती हॅट कोणत्या पलटणीची हे कोणीही सांगू शकत नाही, विकणाऱ्याच्या आजोबांनी काहीही सांगितलेलं असो. शिवाय ही टोपी प्रामुख्याने गोऱ्या शिपायाची आणि गोऱ्या अधिकाऱ्याची. आपल्या बहुतेक शिपायांच्या डोक्याला फेटा असे. म्हणजे हॅटच्या मागचा इतिहास खणायला गेलात तर तो तुम्हाला विलायतेतल्या एखाद्या परगण्यात नेऊन सोडतो.

आणि टिकाऊपणाचं तर विचारूच नका. लग्नातलं बाशिंग ज्या भेंडाचं करतात त्याच भेंडाची ही हॅट. वजनाला काहीच नाही, पण अंगठा जोरात दाबला की खड्डा पडतो. आपला उन्हाळा पंचेचाळीसच्या पुढे गेला की अस्तराचा गोंद सुटतो, पावसाळ्यात बुरशी धरते, आणि उरलेलं झुरळं आणि उंदीर बघून घेतात. घरच्याच माणसाची असेल तर जिवापाड जपा. विकत घेऊ नका.

लोखंडी टोपाचा प्रकार वेगळा. जॉन ब्रोडी याने १९१५ मध्ये पेटंट घेतलेली ती उथळ थाळीसारखी टोपी पहिल्या महायुद्धात आली, आणि तिचीच सुधारलेली आवृत्ती, मार्क टू, दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याने वापरली. ती हिंदुस्थानातही बनत होती. भंगारवाल्याकडे निघते ती बहुधा हीच. वाटाघाटीला बसण्याआधी ती उलटी करा. आत टाळूच्या मधोमध अस्तर धरणारा एकच स्क्रू असेल तर मार्क टू. पहिल्या महायुद्धाच्या टोपाला तिथे रिव्हेट असते. हनुवटीचा पट्टा ज्या कड्यांत अडकतो त्या कड्या आणि काठाची आतली बाजू ओल्या फडक्याने पुसून, बॅटरी तिरपी धरून बघा. बनवणाऱ्याची खूण आणि साल तिथे ठोकलेलं सापडू शकतं. खिशात लोहचुंबक ठेवा. ब्रिटिश बनावटीचा लष्करी टोप मँगनीज पोलादाचा असतो आणि त्याच्या अंगाला चुंबक चिकटत नाही. झटकन चिकटलं तर माल साध्या पोलादाचा आहे. काठाजवळ मुद्दाम पाडलेली छिद्रं दिसली तर तो कमी दर्जाचा ठरवून नागरी संरक्षणासाठी दिलेला टोप. नकली नव्हे, पण आघाडीवर गेलेलाही नव्हे, आणि भाव त्याच हिशेबाने द्यावा.

टोप टिकतो. आपली कोरडी हवा त्याला कोकणापेक्षा कितीतरी मानवते. वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, हलका तेलाचा हात फिरवला की पुरे. अस्तर गेलं असेल तर नवं बसवू नका, आणि रंग तर अजिबात देऊ नका. गोठ्यात ढेप भिजवायला वापरलेला, गंजका पण मूळ रंगाचा टोप हा हिरव्या ऑइलपेंटने चकचकीत केलेल्या टोपापेक्षा केव्हाही बरा.

अडचण एवढीच की टोप मुका असतो. लाखोंनी बनलेली वस्तू ती. आतून कोणी नंबर किंवा नाव रंगवलं नसेल तर हा कोणत्या पलटणीचा, बर्मात गेला की इटलीत, याचा पत्ता लागत नाही. ज्याला वस्तूचीच आवड आहे, टेबलावर ठेवून बघत बसायचं आहे, त्याने खुशाल टोप घ्यावा. इतिहासाच्या ओढीने या नादात येणाऱ्याचा मात्र तिथे हिरमोड होतो.

बिल्ला बोलतो. तळहातावर मावतो, डब्यात राहतो, आणि वाचता आला तर सालाच्या हिशेबात बोलतो. वरचा मुकुट आधी बघा. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला मुकुट वेगळा, १९०१ नंतरच्या राजांचा वेगळा, आणि प्रजासत्ताकानंतर मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह. मग नाव आणि आकडा. ९६ आणि बेरार (म्हणजे वऱ्हाड) ही अक्षरं एकत्र दिसली तर वस्तू १९०३ ते १९२२ मधलीच, कारण '९६ वी बेरार इन्फंट्री' हे नाव तेवढीच वर्षं होतं.

इथे जरा थांबतो, कारण वऱ्हाडातल्या संग्राहकासाठी खरा खजिना हाच आहे. निजामाच्या राज्यात इंग्रजी अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती, तिचा खर्च भागवण्यासाठी १८५३ च्या तहाने अख्खा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. म्हणजे आपल्या कपाशीच्या जमिनीचा सारा या पलटणींच्या नावाने वसूल झाला, राजेहो. तिची एक छावणी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला होती. आजचं परतवाडा ते तिचंच ठिकाण, आणि जुनी माणसं अजून त्याला कॅम्प म्हणतात. चिखलदऱ्याला १८२३ मध्ये जो कॅप्टन रॉबिन्सन पोचला, तोही हैदराबाद रेजिमेंटचाच. १९०३ मध्ये या पलटणी हिंदी सैन्यात घेतल्या गेल्या आणि त्यांना ९४ ते ९९ असे क्रमांक मिळाले. १९२२ मध्ये त्यांची '१९ वी हैदराबाद रेजिमेंट' झाली, आणि १९४५ मध्ये तिचंच नाव कुमाऊं रेजिमेंट झालं. नावात बेरार असलं तरी शिपाई वऱ्हाडी कुणबी होते असं समजू नका. भरती मुख्यतः उत्तर हिंदुस्थानी शिपायांची आणि दख्खनी मुसलमानांची.

आता कुमाऊंचा बिल्ला हातात घ्या. त्यावर पुढच्या पंज्यांत क्रूस धरलेला सिंह आहे. हिमालयातल्या पलटणीच्या टोपीवर क्रूस कुठून आला? हैदराबादचा रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, हेन्री रसेल याच्या घराण्याच्या चिन्हातून. पलटणी त्याच्या नावाने ओळखल्या जात, म्हणून त्याचा सिंह टोपीवर बसला आणि नाव बदललं तरी उतरला नाही. १९४७ च्या ३ नोव्हेंबरला बडगामला लढताना पडलेले मेजर सोमनाथ शर्मा, पहिले परमवीर चक्र ज्यांना मिळालं ते, ४ कुमाऊंचे. ही पलटण आधीची ९८ वी इन्फंट्री, आणि तिची मुळं जातात एलिचपूर ब्रिगेडपर्यंत, १७८८ मध्ये. अचलपूरच्या माणसाने काश्मीरची ती लढाई परक्याची समजू नये.

दुसरा धागा महार रेजिमेंटचा. ती उभी राहिली १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात, पण तिची दुसरी पलटण १९४२ मध्ये आपल्या कामठीत उभारली गेली. आज बिल्ल्यावर आडव्या-तिडव्या दोन व्हिकर्स मशीनगन आणि खंजीर दिसतो. आधी त्या खंजिराच्या जागी कोरेगावचा स्तंभ होता. स्तंभाचा बिल्ला हाताला लागला तर भावाची घासाघीस फार ताणू नका. तो मिळणं अवघड, आणि विदर्भातल्या अनेक घरांत त्याला संग्रहापेक्षा वेगळा मान आहे. कोणाच्या घरून तो विकत मागू नका. फोटो काढा, माणसाचं नाव, नंबर, पलटण लिहून घ्या आणि बिल्ला त्यांच्याकडेच राहू द्या.

बिल्ल्यात फसवणूक मात्र सगळ्यांत जास्त, हे त्याचं मोठं उणं. ओतीव पितळी नकला बाजारात भरपूर आहेत. खरा बहुधा साच्यावर ठोकलेला असतो, म्हणून पुढचा उठाव मागे खोलगट उमटतो आणि कडा धारदार राहतात. ओतीव नकलेची पाठ सपाट, जाड, बारीक खड्ड्यांची, आणि पुढची अक्षरं विरघळल्यासारखी. मागची कडी किंवा पट्टी कशी जोडली आहे ते भिंगाने बघा. जुन्या वस्तूवर नवीन झाळण उठून दिसतं. आणि कृपा करून चिंच-राखेने घासू नका. देवघरातल्या समईला ते ठीक, पण बिल्ल्यावरचा काळपटपणा गेला की वयाची निम्मी साक्ष गेली. शोध घ्यायचा तर नागपूरच्या इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांतून मोडीचं पितळ चाळा. लोक घरातल्या पेल्यासोबत आजोबांचा बिल्लाही मोडीत देऊन टाकतात.

फेटा आणि स्लाउच हॅट (रुंद काठाची फेल्टची टोपी) मुद्दाम बाजूला ठेवल्या. फेटा म्हणजे कापड, सोडून पुन्हा बांधला की पुरावाच संपला, आणि कसरीपासून तो वाचवायला जन्म जातो. स्लाउच हॅट बर्माच्या आघाडीमुळे मोहात पाडते, पण सिनेमा-नाटकांसाठी बनलेल्या फेल्टच्या हॅटा तिच्या नावाने सर्रास खपतात.

शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात बसते, तेव्हा परदेशातल्या गिऱ्हाइकाला कुरिअर करण्याचा विचार डोक्यात आणू नका. आणि आपण फौजी आहोत असं लोकांना भासवण्यासाठी यातलं काही अंगावर चढवलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. झाँकीत हौसेने टोप घालून पोरांना ट्रॅक्टरवर उभं करणाऱ्यांनी हे निदान माहीत असू द्यावं.

तर हातात पैसा थोडा आणि ओढ इतिहासाची असेल, तर १९२२ ते १९४५ मधला हैदराबाद रेजिमेंटचा एक ठोकीव बिल्ला शोधा. पुढे पैसा जमला की एक मार्क टू घ्या, अस्तरासकट, खूण वाचता येणारा. सोला हॅट मामाच्या माळ्यावरून फुकट मिळाली, तर तिला पोलादी पेटीत कोंबू नका. आत सुती कापडाचा बोळा भरून, टिनापासून दूर, भिंतीतल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवा.