अर्ध्या सेकंदाचे किती मोजायचे? गाडीचा जोर: विकत, भाड्याने, की शोरूममधूनच

पुतण्या इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला असतो. मागच्या रविवारी त्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात पोवई नाक्यावर पेरू निवडत उभा होतो. "काका, माझ्या गाडीत जोर आधीपासूनच आहे, पण तो वापरायला कंपनी पैसे मागतेय. भरू का?"

गाडी फोक्सवॅगनची इलेक्ट्रिक आयडी.३. तिकडे ती १५० किलोवॉट पॉवरची म्हणून हातात येते. ॲपवरून पैसे भरले की तीच गाडी १७० किलोवॉटची होते आणि टॉर्क (जागेवरचा धक्का, पुढे सांगतो) २६५ न्यूटन-मीटरवरून ३१० वर जातो. बॉनेट उघडायचं नाही, पाना लावायचा नाही. दर तीन: महिन्याला साडेसोळा पाउंड, वर्षाला १६५, नाहीतर एकदाच ६४९. आपल्या पैशात ६४९ म्हणजे पाऊण लाखाच्या आसपास.

त्याच आठवड्यात इथे साताऱ्यात भाचीची स्कूटर ठरत होती. तिचाही प्रश्न तोच, आकडा लहान: "मामा, पॅक घेऊ का बिनपॅकची आणू?" पॅक म्हणजे वरचे पैसे भरून सॉफ्टवेअरमधून उघडून मिळणाऱ्या सोयी. दोघांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं शेजारी शेजारी मांडावं म्हटलं.

आधी हे कुलूप असतं कुठे ते बघू. इलेक्ट्रिक गाडीत मोटरला करंट किती द्यायचा हे इन्व्हर्टर ठरवतो आणि इन्व्हर्टरला ते सॉफ्टवेअर सांगतं. कंपनीला दोन जातीच्या मोटरी बनवण्यापेक्षा एकच बनवून एका गिऱ्हाइकाला आकडा खाली बांधून देणं स्वस्त पडतं. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. गाडी घेताना १५० चा आकडा लिहिलेला होता, तो मान्य करूनच पैसे मोजले. तरी पुतण्याची चिडचिड मला कळते. तिकडे ती गाडी कागदोपत्री १७० किलोवॉटचीच नोंदवलेली असते, म्हणजे विमा पूर्ण जोराचा आणि पायाखाली मात्र कमी. घर तीन खोल्यांचं, एका खोलीला मालकाचं कुलूप, घरपट्टी मात्र तिन्ही खोल्यांची!

आता पैसे भरून नेमकं काय वाढतं? इथेच बहुतेक जण चुकतात, कारण जाहिरातीत शून्यावरून ताशी शंभरचा वेग गाठायला किती सेकंद लागतात हा एकच आकडा असतो. प्रत्यक्षात गोष्टी दोन आहेत. टॉर्क म्हणजे जागेवरून मिळणारा धक्का. पॉवर म्हणजे वेग वाढल्यावरही तो धक्का किती टिकतो. चाळीस-पन्नासच्या आतबाहेर गाडी टॉर्कवर आणि टायरच्या पकडीवर चालते. सत्तर-ऐंशीच्या पुढे पॉवर लागते.

या मोजपट्टीवर दोन पॅक ठेवून बघा. आयडी.३ मध्ये पॉवर तेरा टक्क्यांनी वाढते आणि टॉर्क सतरा टक्क्यांनी. म्हणजे हा पॅक गावातही जाणवणार. पोलस्टार २ या इलेक्ट्रिक गाडीच्या दोन मोटरवाल्या मॉडेलचा पॅक युरोपात १,००० युरोला निघाला. त्यात पॉवर ३०० किलोवॉटवरून ३५० झाली, टॉर्क मात्र ६६० वरून ६८० एवढाच. शून्य ते शंभर ४.७ सेकंदांवरून ४.४. सिग्नलला हा फरक कळतसुद्धा नाही. त्या पॅकची खरी जागा मोठा रस्ता आहे: ८० ते १२० ला २.२ सेकंद, आधीपेक्षा अर्धा सेकंद कमी. पैसे दोन्हीकडे "जोर वाढवा" म्हणूनच घेतले जातात, पण घेणाऱ्याचा रस्ता कुठला यावर एक पॅक कामाचा ठरतो आणि दुसरा शोभेचा.

रस्त्याचं म्हणत होतो तर भाचीलाच गाडीत बसवून रहिमतपूर रस्त्याला नेलं. उसाचा हंगाम. पुढे ट्रॅक्टर, मागे डबल ट्रॉली, उसाची वाढी दोन्ही बाजूंनी रस्त्यावर लोळतायत, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, ड्रायव्हरच्या शेजारच्या स्पीकरवर गाणी जोरात. वेग वीस. माझी नेक्सॉन ईव्ही, भाचीच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. समोरून एसटी गेली, मग दोन दुचाक्या, मग एक वळण. मोकळा रस्ता दिसला तसा मी पाय दाबला आणि ट्रॉलीच्या पुढे निघालो. "सव्वाचार सेकंद," ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "आणि मागं थांबलो तीन मिनिटं."

आमच्याकडच्या ओव्हरटेकचं हे असं आहे. वेळ जातो तो समोरचं दिसेपर्यंत. विसाच्या वेगात तीस किलोवॉट जास्तीचे दिले तरी पुढची चाकं ते ओली माती अन् पाचट पडलेल्या डांबरावर उतरवू शकत नाहीत. चाकं घसरू नयेत म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल मध्ये पडून करंट कापतो.

जोर कामाला येतो तो खंबाटकीला. पुण्याहून साताऱ्याला येताना हा घाट चढायचाय समजा. गाडीत पाच माणसं, डिकीत बॅगा, डाव्या लेनला कंटेनर रांगेनं घसटतायत, तुम्हाला पन्नासवरून ऐंशीवर जाऊन उजव्या लेनमध्ये शिरायचंय. तिथे पॉवर लागते, आणि ती असली तर माणूस निवांत गाडी चालवतो. पण तिथेच दुसरी अडचण असते. चढ, भार आणि एप्रिलचं ऊन एकत्र आलं की बॅटरी तापते, चार्ज वीस टक्क्यांच्या खाली आला असेल तर आणखीच, आणि मग गाडी स्वतःच जोर कमी करते. सॉफ्टवेअरचा पॅक बॅटरीचं कूलिंग वाढवत नाही. ज्या क्षणासाठी पैसे भरले नेमक्या त्या क्षणी हात आखडता घेतला जाऊ शकतो, हे पॅक विकणारा आपणहून सांगत नाही.

एकदाच पैसे भरायचे की भाड्यानं घ्यायचं?

एकरकमीचा पायंडा टेस्लानं पाडला. डिसेंबर २०१९ मध्ये मॉडेल ३ च्या दोन मोटरवाल्या लाँग रेंज गाडीसाठी २,००० डॉलर, तेव्हाच्या दरानं साधारण एक लाख चाळीस हजार. शून्य ते साठ मैल ४.४ वरून ३.९ सेकंदांवर आलं. अर्धा सेकंद. महाग, पण व्यवहार साफ.

भाड्याचा नमुना मर्सिडीजनं २०२२ मध्ये अमेरिकेत आणला: ईक्यूई आणि ईक्यूएससाठी वर्षाला १,२०० डॉलर, दरवर्षी. ईक्यूई ३५० चं शून्य ते साठ मैल सहा सेकंदांवरून ५.१ वर. फरक टेस्लापेक्षा मोठा, तरी लोकांनी नाकं मुरडली. पुढच्या वर्षी कंपनीनं दर उतरवले आणि एकरकमी पर्यायही दिला, ईक्यूईला १,९५० डॉलर. म्हणजे आधीच्या दरानं दोन वर्षांचंही भाडं नाही. यातून घ्यायचं ते घ्या. बीएमडब्ल्यूनं गरम सीटचं मासिक भाडं लावलं होतं, तेही २०२३ मध्ये गुंडाळलं.

पुतण्याचा हिशोब पाटीवर मांडला. वर्षाचे १६५ धरले तर चौथ्या वर्षाच्या शेवटाला ६४९ फिटतात. महिन्यानं भरत गेला तर चाळिसाव्या महिन्याला. गाडी चार वर्षांहून जास्त ठेवणार असशील तर भाडं भरणं खुळेपणा, आणि त्याआधी विकणार असशील तरी एकरकमी पैसे पुरते बुडत नाहीत, कारण हा कायमचा पॅक माणसाच्या नावावर नसतो, गाडीवर असतो. विकताना गाडी १७० किलोवॉटची म्हणून विकता येते. भाड्याचा जोर मात्र तुमच्याबरोबरच उतरतो.

वर्षाच्या भाड्याला माझ्या लेखी जागाच नाही. महिन्याच्या भाड्याला आहे, एकदाच: चाखून बघायला.

तिसरा पर्याय आपल्याकडचा आहे आणि मला विचाराल तर सगळ्यात सरस. घेतानाच वरची गाडी घ्यायची.

महिंद्राची बीई ६ बघा. ५९ किलोवॉट-तासाच्या बॅटरीला १७० किलोवॉट, ७९ च्या बॅटरीला २१० किलोवॉट. टॉर्क दोन्हीला ३८०. म्हणजे जागेवरून निघताना दोघी सारख्याच, फरक पडणार तो घाटात आणि हायवेला. पण जास्तीच्या पैशात बॅटरीही मोठी मिळते, म्हणजे सातारा-मुंबई जाताना चार्जिंगला थांबण्याची कटकट कमी. नुसत्या सॉफ्टवेअरला हे जमत नाही.

टाटाची हॅरियर ईव्ही तर या वादाचा निकालच लावते. जून २०२५ मध्ये आली तेव्हा ७५ च्या बॅटरीची वरची एका मोटरची गाडी एक्स-शोरूम २७.४९ लाख आणि दोन मोटरची २८.९९ लाख. दीड लाखाचा फरक. त्या दीड लाखात खरीखुरी दुसरी मोटर, चारही चाकांना जोर, ५०४ न्यूटन-मीटर टॉर्क आणि शून्य ते शंभर ६.३ सेकंदांत. पावसाळ्यात कास-बामणोलीकडे शेवाळलेल्या चढाला चारी चाकांचा उपयोग काय असतो ते तिकडे अडकलेल्याला विचारा. टेस्लानं २०१९ मध्ये याच्याच आसपास पैसे घेऊन फक्त एक आकडा बदलला होता.

विम्याची भीती कोणी घातली तर तीही बघून टाकू. आपल्याकडे खाजगी इलेक्ट्रिक कारचा थर्ड पार्टी हप्ता किलोवॉटवर ठरतो. २०२२ मध्ये लागू झालेले दर असे: ३० किलोवॉटपर्यंत १,७८० रुपये, ३० ते ६५ ला २,९०४ आणि ६५ च्या वर ६,७१२. वरच्या खणात एकदा गेलात की १७० असो वा २१०, थर्ड पार्टी तेवढाच.

उरला चौथा पर्याय, बाहेरचा डबा, म्हणजे कंपनीबाहेरच्या कुणाकडून गाडीला जोडून घेतलेलं जोर वाढवणारं यंत्र. याबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण माझे हात भाजलेत.

इलेक्ट्रिकच्या आधी माझ्याकडे डिझेल सेदान होती. एका गॅरेजवाल्यानं "साहेब, गाडी ओळखू येणार नाही" म्हणत अठरा हजारांत डबा बसवून दिला. पहिले सहा महिने यवतेश्वरचा घाट मी तिसऱ्यात चढत होतो आणि मिशीत हसत होतो. मग एका सकाळी त्याच घाटात इंजिनचा आवाज वर गेला आणि गाडी आहे तिथंच. क्लच गेला. शोरूममध्ये डबा सापडला आणि वॉरंटीचा विषय तिथेच संपला. गॅरेजवाला फोन उचलेना. क्लचचा खर्च डब्याच्या दुप्पट आला, आणि बायकोनं तो आकडा अजून विसरलेला नाही.

इलेक्ट्रिकमध्येही हेच झालंय. कॅनडातल्या इंजेनेक्स्ट नावाच्या कंपनीनं टेस्लाचा जोर कंपनीपेक्षा स्वस्तात, अकराशे डॉलरांत, उघडून देणारा डबा काढला. २०२० मध्ये टेस्लाचं एक अपडेट आलं आणि डबा बसवलेल्या गाड्यांच्या स्क्रीनवर बाहेरचा बदल सापडल्याची सूचना झळकली. गाडी तुमच्या दारात उभी असते, पण तिच्या मेंदूची किल्ली कंपनीकडे असते. आपल्याकडे वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे: नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही. अपघात झालाच तर विमा कंपनीला नेमकं एवढंच हवं असतं.

आणि फुकटातलंही असतं बरं का. टाटानं २०२३ च्या सुरुवातीला नेक्सॉन ईव्ही मॅक्सची प्रमाणित रेंज ४३७ वरून ४५३ किलोमीटर केली आणि जुन्या गिऱ्हाइकांनाही ती सॉफ्टवेअरमधूनच दिली, पैसे न घेता. त्यामुळे कुठलाही पॅक घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला नुसतं "माझ्या गाडीचं अपडेट बाकी आहे का" विचारा.

आता भाचीची स्कूटर. एथर ४५०एक्स, २.९ किलोवॉट-तासाची. जानेवारी २०२५ च्या दरपत्रकात तिचा प्रो पॅक १७,००० चा, मोठ्या बॅटरीला २०,००० आणि खालच्या ४५०एस मॉडेलला १४,०००. दुकानदार पॅकबद्दल बोलतो तेव्हा नकाशे, फोनची जोडणी, सगळं एका दमात सांगतो आणि जोर त्यात मिसळून जातो. जोराचा खरा फरक पॅकपेक्षा मॉडेलमध्ये आहे: ४५०एस ला २२ न्यूटन-मीटर आणि शून्य ते चाळीस ३.९ सेकंद, ४५०एक्स ला २६ आणि ३.३. ती कामाला जाते यवतेश्वरच्या वर, मागे मैत्रीण. दोघी बसून घाट चढायचा तर आधी एस ऐवजी एक्स, पॅकचं नंतर. तिला म्हटलं, मैत्रिणीला घेऊन जा, पॅकवाली आणि बिनपॅकची दोन्ही त्याच चढाला चालवून बघ, मग सतरा हजारांचं बोल.

शनिवारी दोघी जाऊन आल्या. "चढाला दोन्ही मला तर सारख्याच वाटल्या, मामा. पण नकाशा छान दिसतो."

"मग नकाशाचे सतरा हजार?"

"फोनवर पण दिसतोच की," असं म्हणून ती बिनपॅकची बुक करून आली. वाचलेल्यातून हेल्मेट घेतलंय चांगलं, दोन.

पुतण्यानं साडेसोळा पाउंड भरलेत, एका महिन्यापुरते. बायकोला सांगितलेलं नाही. तिला फरक आपसूक जाणवला तर ६४९ भरणार म्हणतो. आज अकरावा दिवस. ती अजून काही बोललेली नाही.