आठ महिने बाह्मनी वापरल्यावर: बडोद्यातल्या नर्सिंगच्या वर्गाचा अनुभव

मी बडोद्यात नर्सिंग ट्यूटर आहे. 2021 च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्स (रुग्णांच्या नोंदी संगणकावर ठेवणं आणि वापरणं) आलं, पण बरेच दिवस आम्ही ते फळ्यावरच शिकवत होतो. गेल्या जुलैत लॅबमध्ये बाह्मनी बसवलं. ओपनएमआरएस या रुग्णनोंदींच्या खुल्या सॉफ्टवेअरवर उभी असलेली ही रुग्णालयासाठीची मोफत संगणक प्रणाली मुळात छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयासाठी तयार झाली. वर्गातल्या मुली वॉर्डात नाडी, बीपी, ताप, श्वसन मोजून वहीत लिहितात आणि लॅबमध्ये काल्पनिक रुग्णाच्या नावे नोंद करतात. खरं नाव, केस नंबर काहीही आत जाऊ देत नाही.

दुसऱ्या आठवड्यात आलेख उघडले आणि मी थबकले. नाडी, बीपी, ताप वरखाली होत होते, श्वसनाची रेघ मात्र बहुतेक रुग्णांची सरळ. 20, 20, 20. कुणी मोजतच नव्हतं. कागदी टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) चार्टवर याच 20 खाली मी वर्षानुवर्षं सह्या केल्या होत्या, याचं फार वाईट वाटलं.

मग लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची 2017 ची न्यूज-2 गुणपद्धत शिकवली. रुग्णाची तब्येत ढासळतेय का हे ओळखण्यासाठी यात प्रत्येक मोजणीला गुण देतात. मिनिटाला 12 ते 20 श्वासांना शून्य, 21 ते 24 ला 2, 25 पासून पुढे 3 गुण. सगळ्या मोजण्यांचे मिळून 5 झाले की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं. अंदाजाने लिहिलेल्या 20 मुळे तेच 3 गुण नाहीसे होतात. आता मुली नाडी मोजून झाली तरी मनगट सोडत नाहीत आणि पूर्ण मिनिट छातीकडे बघतात. कारण श्वास मोजतायत हे कळलं की रुग्णाचा श्वास बदलतो. एका आजींचे 26 भरले, तेव्हा मुलगी वहीत लिहायच्या आधी सिस्टर इनचार्जकडे धावली. या एका गोष्टीसाठीसुद्धा मी हे पुन्हा बसवीन.

अडलं ते भाषेपाशी. रुग्ण गुजरातीत म्हणतो, "गभरामण थाय छे." आम्हीच भरलेल्या तक्रारींच्या यादीत त्यासाठी मुलींनी 'अँग्झायटी' (मनाची चिंता) निवडलं. पण आपल्याकडे जीव घाबरा होतो म्हणतात तसंच हे. त्यात धडधड, धाप, छातीतलं दडपण काहीही असू शकतं. हृदयविकाराचा रुग्णही हेच सांगतो. आता नियम असा, की रुग्णाचा शब्द आधी जसाच्या तसा लिहायचा, मग पुढचे प्रश्न विचारायचे आणि यादी शेवटी.

बॅकअपची जबाबदारी पहिल्या दिवशीच एकाला नेमून द्या. आम्ही दिली नाही आणि महिनाभराच्या नोंदी गेल्या. कागदी चार्टचा सरावही सोडू नका, वॉर्डात अजून तोच आहे.

सध्या मुली रुग्णांच्या तोंडचे शब्द गोळा करतायत: गभरामण, मूंझारो (गुदमरल्यासारखं, अस्वस्थ वाटणं), कळतर (अंग दुखणं). पुढच्या बॅचच्या आधी प्रत्येकापुढे काय काय विचारायचं ते फॉर्ममध्ये भरायचं आहे. मूंझारोवर अजून आमचं एकमत झालेलं नाही.