मेसा व्हर्डे की बँडेलियर?

अमेरिकेच्या नैऋत्येतल्या प्राचीन प्युब्लो या मूळनिवासी लोकांची कड्यांतली घरं पाहायला एकच दिवस असेल, तर आधी तिकिटाचा विचार करा. कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यानात बाल्कनी हाउस या कड्यातल्या घरसमूहाला उद्यानाच्या रेंजरसोबतच जाता येतं. प्रवेशशुल्काशिवाय वेगळं तिकीट लागतं आणि ते लवकर संपतं. 10 मीटरची शिडी, मग 45 सेंटिमीटर रुंद बोगद्यातून रांगणं. पाठपिशवी फुगलेली असेल तर तिथेच अडकाल. पण वालुकाश्माच्या कपारीतलं असं रेखीव दगडी बांधकाम बँडेलियरला नाही.

न्यू मेक्सिकोतल्या बँडेलियरमध्ये ज्वालामुखीच्या राखेचा मऊ खडक कोरून खोल्या केल्यात. प्रवेशशुल्क भरलं की आपल्या चालीने फिरा. अल्कोव्ह हाउस या कड्यातल्या उंच कपारीसाठी 43 मीटर चढ आणि चार लाकडी शिड्या आहेत. बर्फ पडला की त्या बंद. दोन्हीकडे उंची 2000 मीटरच्या आसपास, त्यामुळे दम लवकर लागतो.

बांधकाम निरखायचं असेल तर मेसा व्हर्डे. मुलं बरोबर असतील किंवा बेत ऐनवेळी ठरला असेल तर बँडेलियर.