जुने युद्धपट आणि जुन्या विनोदी मालिका घरच्या टीव्हीवर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी सामान सांगतो. ५५ इंची ४के एलईडी टीव्ही (व्हीए पॅनेल, म्हणजे काळा रंग गडद दाखवणारा पडद्याचा प्रकार; ६० हर्ट्झ, म्हणजे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलणारा), डीव्हीडीसुद्धा वाचणारा साधा ब्ल्यू-रे प्लेयर, २.१ साउंडबार (दोन स्पीकर आणि खर्जासाठी वेगळा सबवूफर), २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आणि जुन्या व्हीएचएस कॅसेटींसाठी दुरुस्त करून घेतलेला व्हीसीआर. जागा म्हणजे ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटचा हॉल, १० बाय १४ फूट. सोफ्यापासून टीव्ही ८ फुटांवर. आठ महिन्यांत यावर मुख्यतः दोनच गोष्टी पाहिल्या गेल्या: १९४० ते १९७०च्या दरम्यानचे युद्धपट आणि दूरदर्शन, बीबीसीच्या जमान्यातल्या विनोदी मालिका.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, म्हणजे घाईतल्या माणसाला पुढचं वाचायची गरज नाही. या दोन्ही प्रकारांना टीव्हीचं एकच सेटिंग चालत नाही. युद्धपट फिल्मवर चित्रित झालेला असतो: सेकंदाला २४ चौकटी, चित्र रुंद, रात्रीची दृश्यं भरपूर, आवाज कधी कुजबूज तर कधी तोफखाना. मालिका बहुतेक व्हिडिओ टेपवरची: सेकंदाला ५० अर्ध्या (एकाआड एक ओळींच्या) चौकटी, चित्र चौकोनी, स्टुडिओचा लख्ख उजेड, आवाज मोनो. टीव्हीत ‘सिनेमा’, ‘स्टँडर्ड’ असे पिक्चर मोड असतात आणि प्रत्येकाची सेटिंग वेगळी साठवली जाते. ‘सिनेमा’ मोड युद्धपटांसाठी आणि ‘स्टँडर्ड’ मालिकांसाठी एकदाच नीट लावून ठेवला, की रोज फक्त मोड बदलायचा. टीव्ही बसवून देणारे लोक ‘व्हिव्हिड’ मोड लावून जातात. तो दुकानाच्या ट्यूबलाइटखाली शोभतो, घरी पहिल्या दिवशीच काढावा.

आता चित्राचा आकार. ५५ इंची पडदा साधारण ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच असतो. ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) हा २.५५:१ इतका रुंद चित्रपट, म्हणून त्याच्या चित्राची उंची जेमतेम १९ इंच भरते आणि वरखाली काळे पट्टे दिसतात. मालिकेचं ४:३ चित्र ३६ इंच रुंद बसतं, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच काळं. थोडक्यात, ५५ इंची टीव्हीवर जुनी मालिका ४५ इंची दिसते. टीव्ही घेताना हा हिशोब जरूर करावा. मालिकाच जास्त पाहणार असाल आणि भिंत परवानगी देत असेल, तर ६५ इंचीचा विचार करा.

पट्टे डोळ्यांत खुपतात म्हणून लोक ‘फुल’ किंवा ‘झूम’ दाबतात. तसं करू नये. ‘फुल’मध्ये ४:३ चित्र आडवं ३३ टक्के ताणलं जातं, सडपातळ नटही गुबगुबीत दिसतो. ‘झूम’मध्ये वरखाली मिळून चित्राचा २५ टक्के भाग जातो. विनोदी मालिकेत निम्मा विनोद हाताच्या हालचालीत आणि टेबलावरच्या वस्तूत असतो, आणि नेमका तोच कापला जातो. ‘चिमणराव’मध्ये दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे शेजारी उभे असतात, तेव्हा एकाची शिडशिडीत चण आणि दुसऱ्याचा आडवा बांधा हाच विनोदाचा पाया आहे. चित्र ताणलं की तो फरकच पातळ होतो.

झूम फक्त एका ठिकाणी योग्य. जुन्या भारतीय डीव्हीडींवर रुंद चित्रपट बऱ्याचदा ४:३ चौकटीत पट्ट्यांसकट भरलेला असतो. अशी डिस्क लावली की चारही बाजूंना काळं, खिडकीत खिडकी. तिथे बिनधास्त झूम करा, पण तपशिलाची अपेक्षा कमी ठेवा. डीव्हीडीच्या ५७६ आडव्या ओळींपैकी २.३५:१ चित्राच्या वाट्याला अशा डिस्कवर सुमारे ३२७ ओळी येतात. नीट बनवलेल्या १६:९ डिस्कवर त्याच चित्राला ४३६ मिळतात. विकत घेताना खोक्याच्या पाठीवर ‘१६:९’ किंवा ‘अ‍ॅनामॉर्फिक’ लिहिलंय का, एवढं पाहिलं तरी पुरतं.

हालचालीचा मुद्दा सगळ्यात जास्त चुकतो. टीव्हीमधलं मोशन स्मूदिंग (प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं) चित्रपटासाठी पूर्ण बंद. ते मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतं आणि ‘द ग्रेट एस्केप’सारख्या (१९६३) भव्य चित्रपटाला लग्नाच्या व्हिडिओची कळा येते. ते बंद केल्यावर कॅमेरा आडवा फिरताना हिसके दिसले, तर कारण वेगळं. २४ चौकटी ६० हर्ट्झवर बसवताना एक चौकट तीनदा, पुढची दोनदा अशी दाखवली जाते. प्लेयरमध्ये ‘२४पी आउटपुट’ चालू करा, स्ट्रीमिंग स्टिकमध्ये ‘मॅच फ्रेम रेट’. आमच्या टीव्हीवर हिसके यानंतरच थांबले. प्लेयरचं ‘टीव्ही सिस्टिम’ हे सेटिंग ‘ऑटो’ किंवा ‘मल्टी’वर हवं. ते एनटीएससीवर (अमेरिकी टीव्ही पद्धत) राहिलं, तर पाल (भारत-युरोपातली पद्धत) डिस्कच्या ५७६ ओळी ४८० होतात आणि वर हिसकेही येतात.

मालिकांचं उलटं. तिथली ५० अर्ध्या चौकटींची वाहती हालचाल हीच मूळ चव आहे. डिस्कवरून संगणकावर प्रत करताना ती बहुतेक वेळा मारली जाते. हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसत असतील, तर डीइंटरलेसिंग (अर्ध्या चौकटींच्या पूर्ण चौकटी करणं) झालेलंच नाही. रेषा नाहीत पण हालचाल तुटक वाटते, तर ५०च्या २५ केल्या गेल्यात. प्रत करायला हँडब्रेक हा प्रोग्रॅम वापरत असाल तर डीइंटरलेसमध्ये ‘बीडब्ल्यूडीआयएफ’, त्याचा प्रीसेट ‘बॉब’, आणि फ्रेम रेट ५०, कॉन्स्टंट. फाइल थोडी मोठी होते, पण फरक पहिल्याच मिनिटाला कळतो.

ब्रिटिश मालिकांबाबत एक खुलासा. ‘फॉल्टी टॉवर्स’ (१९७५ आणि १९७९, एकूण १२ भाग) किंवा ‘डॅड्स आर्मी’ (१९६८ ते १९७७) पाहताना पात्र घराबाहेर पडलं की चित्राचा पोतच बदलतो. आतलं गुळगुळीत, बाहेरचं दाणेदार. टीव्ही बिघडलेला नाही. आतली दृश्यं स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यावर आणि बाहेरची फिल्मवर घेतली जात. याउलट ‘आय लव्ह ल्यूसी’ १९५१ सालची असूनही ३५ मिमी फिल्मवर, तीन कॅमेऱ्यांनी घेतलेली, म्हणून तिची एचडी प्रत खरोखर तपशीलवार आहे. ऐंशीच्या दशकातल्या टेपवरच्या कार्यक्रमाची ‘४के’ प्रत मात्र कोणी दाखवली, तर लांबच राहा. मुळात ५७६ ओळी आहेत, बाकीचं संगणकाने कल्पनेने भरलेलं असतं आणि चेहरे मेणाचे दिसतात. प्रसार भारती अर्काइव्ह्जच्या यूट्यूब चॅनेलवरचं जुनं साहित्य साधं दिसतं, पण प्रामाणिक दिसतं.

रंगाचं थोडक्यात: कलर टेंपरेचर ‘वॉर्म’. कृष्णधवल चित्रपट ‘कूल’वर निळसर दिसतो. ‘हकीकत’मधला (१९६४) लडाखचा बर्फ मग ट्यूबलाइटसारखा वाटतो. वॉर्मवर पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, डोळे सरावतात. नॉइज रिडक्शन बंद, कारण फिल्मचा दाणा म्हणजे घाण नव्हे, चित्र त्यानेच बनलंय. शार्पनेस कमी करत जा. सबटायटलच्या अक्षरांभोवतीची पांढरी कड नाहीशी होते तिथे थांबा. इको मोड आणि उजेडाचा सेन्सर दोन्ही बंद. ‘द लाँगेस्ट डे’मध्ये (१९६२, कृष्णधवल) छत्रीसैनिक रात्री उतरतात, ते दृश्य चालू असताना सेन्सर पडदा आणखी मंद करतो आणि माणसं दिसेनाशी होतात. ‘हम दोनो’ची २०११मध्ये आलेली रंगीत प्रत हाती असेल आणि मूळ रूप हवं असेल, तर टीव्हीचा ‘कलर’ शून्यावर आणा. मूळ प्रतीची बरोबरी होत नाही, तरी बघवतं.

आमची गॅलरी येऊरच्या बाजूला, पश्चिमेला. चारनंतर ऊन थेट पडद्यावर येतं आणि व्हीए पॅनेलचा काळा रंग राखाडी होतो. ब्लॅकआउट कापडाचा पडदा खिडकीच्या दोन्ही कडांपलीकडे सहा-सहा इंच हवा, नाहीतर फटीतून येणारी उन्हाची तिरीप नेमकी चित्रावर पडते. रात्री टीव्हीमागे ६५०० केल्विनची एलईडी पट्टी अगदी मंद लावली तर डोळे कमी शिणतात.

आवाजाने सुरुवातीला सगळ्यात जास्त निराशा केली. साउंडबारचा ‘मूव्ही’ किंवा ‘सराउंड’ मोड मोनो आवाजाला कृत्रिम घुमारा देतो, संवाद विहिरीतून आल्यासारखे वाटतात. मालिकांसाठी ‘स्टँडर्ड’, बेस दोन-तीन पायऱ्या खाली. ‘व्हॉइस बूस्ट’ने फायदा नाही, कारण मोनोत प्रेक्षकांचं हसणं आणि संवाद एकाच ट्रॅकवर असतात, दोन्ही एकत्र वाढतात. (लष्करी इस्पितळावरच्या ‘मॅश’ या अमेरिकी मालिकेच्या डीव्हीडीवर हसण्याशिवायचा ट्रॅक निवडता येतो. ऑपरेशन थिएटरची दृश्यं त्यावर फार वेगळी, जास्त खरी वाटतात. अवश्य पाहा.) युद्धपटाचा नव्याने केलेला ५.१ (पाच स्पीकर आणि सबवूफरसाठीचा) आणि मूळ मोनो असे दोन ट्रॅक असतील, तर २.१ साउंडबारवर मोनो घ्या. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात, दोन स्पीकरांत मिसळताना ते दबतात आणि तोफा मात्र तशाच राहतात. पर्याय नसेल तर ‘नाइट मोड’, तो मोठे आवाज दाबतो. सबवूफर कोपऱ्यातून काढून जाड रबरी मॅटवर ठेवा. लादीवर थेट ठेवला तर धक्के खालच्या मजल्यावर आधी पोचतात, सोफ्यावर नंतर.

सबटायटल्सचं दुखणं बऱ्याच जणांना कळत नाही. युरोपातल्या डीव्हीडीवर २४ चौकटींचा चित्रपट २५ने धावतो, म्हणून १७२ मिनिटांचा ‘ग्रेट एस्केप’ १६५ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. अशा प्रतीला २४ चौकटींच्या प्रतीची सबटायटल फाइल लावली, तर तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटांचा फरक पडतो. व्हीएलसी प्लेयरमधल्या जी आणि एच कळांनी ओळी मागेपुढे सरकतात, पण फरक वाढत जाणारा असल्याने पाच मिनिटांनी पुन्हा तेच. ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट २३.९७६वरून २५ करून फाइल साठवा, कायमचं काम होतं. मराठी किंवा हिंदी सबटायटल असतील तर फाइल यूटीएफ-८मध्ये (देवनागरीसकट सगळ्या लिपी साठवणारी पद्धत) हवी. तरीही टीव्हीच्या आतल्या प्लेयरमध्ये जोडाक्षरं फुटू शकतात, मग संगणक एचडीएमआयने जोडणं बरं.

रीजनचं (डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेयरवर चालेल ते ठरवणारा क्रमांक) लक्षात असू द्या: भारताची डीव्हीडी ५, ब्रिटनची २, अमेरिकेची १. ब्ल्यू-रेला भारत ‘सी’. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो.

आता कॅसेटी. ठाण्याच्या पावसाळी हवेत व्हीएचएसला बुरशी लागते, आणि दूरदर्शनवरून घरी रेकॉर्ड केलेल्या कित्येक गोष्टी दुसरीकडे कुठेही नाहीत, म्हणून इथे घाई नको. कॅसेट उजेडात धरून खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड पाहा. काळी चकचकीत असेल तर ठीक. पांढरी-राखाडी पूड दिसली, तर व्हीसीआरमध्ये घालूच नका; बुरशी हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते. चांगली कॅसेट आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळा, मगच प्ले. चित्रात बर्फ पडू लागला तर हेड साफ करायचं: शॅमॉय चामड्याच्या पट्टीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ती ड्रमला (हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याला) हलकेच टेकवून स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवायचा. पट्टी वरखाली घासली की हेडचा कण तुटतो, तो दुरुस्त होत नाही. कापसाचे बोळे अजिबात नकोत, धागा अडकतो. नंतर पंधरा मिनिटं वाळू द्या.

कॅप्चर स्टिक (व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारं उपकरण) संगणकाला जोडल्यावर चित्र कृष्णधवल होऊन गरगर फिरत असेल, तर ती एनटीएससीवर आहे. ‘पाल बी’, ७२० बाय ५७६ निवडा. हफवाययूव्हीत (चित्रातलं काहीही न गाळणारा प्रकार) तासाला ३० ते ४० जीबी लागतात, नंतर एच.२६४ (लहान फाइलचा प्रकार) करून मूळ पुसता येतं. तळाशी थरथरणारी पट्टी दिसेल. ती पूर्वीही होतीच, जुन्या टीव्हीची चौकट ती झाकायची. खालच्या दहा-बारा ओळी काळ्या करा. आवाज हळूहळू मागे पडत गेला तर चौकटी गळतायत. तेव्हा बाकीचे प्रोग्रॅम बंद करा आणि यूएसबी हबऐवजी थेट पोर्ट वापरा.

कॅसेटी आणि डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, उभ्या ठेवाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास, पुन्हा निळे होतात. पुडीचं आवरण प्लास्टिकचं असेल तर दाणे आधी स्टीलच्या ताटलीत काढा. डिस्क पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नको.

हार्ड डिस्क टीव्हीच्या यूएसबी २.० पोर्टला लावली आणि ती टकटक करून बंद पडत असेल, तर तिला करंट पुरत नाही (तिथे ५०० मिलिअँपिअरच मिळतात), निळ्या ३.० पोर्टला लावा. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. पावसाळ्यात वीज जाऊन-येऊन असते, तेव्हा डिस्कवर फाइल चढवण्याचं काम टाळा, आणि कॅसेटींवरून काढलेल्या सगळ्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरी ठेवा. आमची दुसरी डिस्क डोंबिवलीला असते आणि दर दोन महिन्यांनी बदलली जाते.